शालेय मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षणाची वाट कशी निवडावी

भारतात ‘प्रमाणित शालेय मानसशास्त्रज्ञ’ या नावाचा परवाना कोणतीही वैधानिक संस्था देत नाही, ही गोष्ट प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीच लक्षात घ्यावी. डॉक्टरांची वैद्यक परिषदेकडे किंवा वकिलांची बार कौन्सिलकडे नोंदणी होते, तशी शाळेत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची स्वतंत्र नोंदणी आपल्याकडे नाही. त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या एखाद्या शाळेच्या माहितीपत्रकात ‘स्कूल सायकॉलॉजिस्ट’ असे पद छापलेले दिसले, तरी त्या खुर्चीवरची व्यक्ती मानसशास्त्रात एम.ए. झालेली असू शकते, समुपदेशनाची पदविका घेतलेली जुनी शिक्षिका असू शकते किंवा भारतीय पुनर्वास परिषदेच्या (आरसीआय) नोंदवहीतली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही असू शकते. तिघींचे शिक्षण वेगळे आहे आणि कायद्याने तिघींना करता येणारे कामही वेगळे आहे. अमेरिकेत मात्र हेच नाव परवान्याशिवाय शाळेत लावता येत नाही. म्हणून विद्यापीठांची यादी काढण्याआधी आपल्याला कोणत्या देशातल्या शाळेत बसायचे आहे आणि तिथे बसून नेमके काय करायचे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. ‘मुलांसाठी काहीतरी करायचे आहे’ हे उत्तर मनापासून आलेले असले, तरी अभ्यासक्रम निवडताना ते पुरत नाही.

शाळेतले काम म्हणजे कोणते काम

शाळेत मानसशास्त्र शिकलेल्या माणसाकडे येणारे बरेचसे काम समुपदेशनाचे असते. परीक्षेची धास्ती, वर्गातली दादागिरी, घरातली भांडणे, मोबाइलवरून होणारे तंटे, दहावीनंतरच्या शाखेचा गोंधळ यांसाठी चांगले एम.ए. आणि नीट देखरेखीखाली झालेला सराव पुरतो. सीबीएसईच्या संलग्नता नियमांतही समुपदेशकासाठी मानसशास्त्रातील पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, बालविकासातील पदव्युत्तर पदवी, अथवा अन्य पदवीसोबत मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका एवढीच अपेक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात दिलेल्या निकालात शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी, असे म्हटले आहे. या व्यक्तीला बालक आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण मिळालेले असले पाहिजे, हेही त्या निकालात आहे. नोकरीच्या मुलाखतीत पदवीच्या नावापेक्षा ही दुसरी अट दाखवता येणे अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते, कारण एम.ए.च्या अनेक अभ्यासक्रमांत मुलांबरोबरचा सराव फार थोडा असतो.

दुसरे काम मूल्यमापनाचे. वाचता न येणारे, लिहिताना अक्षरे उलटी काढणारे, वर्गात एका जागी न टिकणारे मूल शिक्षिका आपल्याकडे पाठवतात, तेव्हा तिला सल्ल्याच्या आधी निदान हवे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा अपंगत्वाच्या २१ प्रकारांच्या यादीत समावेश झाल्यापासून हे काम वाढले आहे. ज्यांना बुद्धिमापन चाचण्या घेऊन निदानाच्या अहवालावर स्वतःची सही करायची आहे, त्यांची शिक्षणाची वाट समुपदेशकांच्या वाटेपासून पहिल्याच वळणावर फुटते.

अहवालावर सही करायची असेल तर

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ नुसार अपंगत्वाशी संबंधित सेवा देणाऱ्या व्यावसायिकांची केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंद होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक हे त्या नोंदवहीतले दोन गट शाळेशी सर्वांत जवळचे आहेत. नोंद नसताना असा व्यवसाय करणे हा त्या कायद्यानुसार गुन्हा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या करताना परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतील पात्रता, किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर प्रत्यक्ष प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., हाच आधार धरला आहे. केवळ एम.ए. (क्लिनिकल सायकॉलॉजी) असे गुणपत्रिकेवर छापून आले म्हणून परिषदेची नोंदणी मिळत नाही. ठाण्यातले कितीतरी विद्यार्थी दोन वर्षे संपल्यावर या भिंतीशी येऊन थांबतात आणि मग ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही’ असे म्हणतात. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत ते बहुधा बारीक अक्षरात लिहिलेले असते.

सध्या या वाटेवर डागडुजी चालू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली, मात्र क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोन विषयांतील एम.फिल.ना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली. त्यापुढच्या काळासाठी परिषदेने स्वतःचे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम आखले आहेत. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट अभ्यासक्रमाला, ठरावीक वर्षांसाठी आणि मोजक्या जागांसाठी असते. त्यामुळे ‘आमची संस्था आरसीआय-मान्य आहे’ या वाक्यावर विसंबू नये. आपण प्रवेश घेत आहोत त्याच अभ्यासक्रमाचे, त्याच वर्षासाठीचे मान्यतापत्र मागावे आणि ते परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीशी पडताळून पाहावे. पत्र दाखवायला कोणी टाळाटाळ केली, तर तिथेच उत्तर मिळाले असे समजावे.

नोंदणी मिळाली तरी दहावी-बारावीच्या परीक्षेतील सवलतींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलतींसाठी राज्य मंडळ शासनाने नेमून दिलेल्या रुग्णालयांचे प्रमाणपत्र मागते. सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय ही त्यांतली आपल्या परिचयाची नावे. कळव्याची किंवा ऐरोलीची आई पोराची फाइल छातीशी धरून सायनला खेपा घालते, ती त्यासाठीच. खासगी अहवाल चांगला असेल तर तो मुलाच्या शिकवणीसाठी आणि रुग्णालयातल्या तपासणीसाठी उपयोगी पडतो, पण तो त्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. शाळेत बसणाऱ्याला हे आधी माहीत असले म्हणजे पालकांना एकाच चाचणीसाठी दोनदा पैसे मोजायला लावण्याची वेळ येत नाही.

ठाणे-नवी मुंबईहून जाता येतील अशी ठिकाणे

मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कालिन्याच्या विद्यानगरी संकुलात आहे. ठाण्याहून कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे बस, असा तो प्रवास आहे. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था नवी मुंबईकरांना फार सोयीची आहे, कारण वाशीनंतरचे दुसरेच स्टेशन गोवंडी. तिथे उपयोजित मानसशास्त्रातील एम.ए. क्लिनिकल आणि समुपदेशन या दोन अंगांनी शिकवले जाते आणि प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा साधारणतः मार्चमध्ये होत असल्याने तिचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. पदवीचा निकाल लागल्यावर चौकशी सुरू करणाऱ्यांचे एक वर्ष इथे हमखास जाते. मुलींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या चर्चगेट संकुलातील मानसशास्त्र विभाग हाही विचारात घेण्यासारखा आहे. त्याच विद्यापीठाचा जुहूचा विशेष शिक्षण विभाग मात्र मानसशास्त्रज्ञ घडवत नाही, तो शिक्षक घडवतो. तरीही अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला रोजच्या रोज शिकवण्यात ज्यांना खरा रस आहे, त्यांनी मानसशास्त्राऐवजी विशेष शिक्षणातील बी.एड.चा विचार अवश्य करावा. त्या पदवीने पुनर्वास परिषदेची नोंदणी विशेष शिक्षक म्हणून मिळते, आणि चांगल्या विशेष शिक्षकांची आपल्या शाळांना वानवा आहे.

घरबसल्या एम.ए. करण्याचा मार्ग आता बंद झाला आहे. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. करणे हा संसार आणि नोकरी सांभाळून क्षेत्र बदलू पाहणाऱ्या डोंबिवली-ठाणेकर महिलांचा वर्षानुवर्षांचा आधार होता. बी.कॉम. झालेली बँक कर्मचारी आणि बी.एस्सी. झालेली शिक्षिका याच दाराने या क्षेत्रात आल्या. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम २०२१ च्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, आणि त्यांत मानसशास्त्रही येते, असा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून लागू केला. प्रत्यक्ष सरावाशिवाय मानसशास्त्रज्ञ घडू नयेत हा त्यामागचा विचार मला पटतो, पण त्याने ज्यांची वाट अडली त्यांच्यासाठी दुसरे दार उघडलेले दिसत नाही, हेही नोंदवले पाहिजे. आजही ‘ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी, प्रवेश सुरू’ अशी जाहिरात दिसली, तर तिच्या मान्यतेची खातरजमा केल्याखेरीज पैसे भरू नयेत.

विभागात जाऊन विचारायचे प्रश्न

दोन अभ्यासक्रमांत निवड करताना मी पाठ्यक्रमाची यादी शेवटी पाहीन, कारण ती सगळीकडे जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो सरावात. म्हणून विभागात प्रत्यक्ष जाऊन, शक्यतो दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठून, काही गोष्टी विचाराव्यात. सरावाचे एकूण तास किती, आणि त्यांपैकी मुलांसोबतचे किती? सराव शाळेत होतो की फक्त रुग्णालयात? पर्यवेक्षक आठवड्यातून किती वेळ देतात, आणि एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? विद्यार्थ्याने घेतलेले सत्र पर्यवेक्षक कधी ऐकतात का, की केवळ वहीवर सही करतात? वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीचा भारतीय संच विभागाकडे आहे का, आणि विद्यार्थ्याच्या हाती तो परीक्षेच्या दिवशीच येतो की वर्षभर? हा संच महाग असतो, त्यामुळे काही ठिकाणी तो कपाटातच राहतो आणि विद्यार्थ्यांना छायाप्रतींवर शिकवले जाते.

भाषेचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण आपल्या भागात तोच सर्वांत जास्त चुका घडवतो. ठाण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बसलेले मूल घरी मालवणी, आगरी किंवा अहिराणी बोलत असते, शिकवणीत हिंदी ऐकते आणि चाचणी मात्र इंग्रजीतून देते. मी सुरुवातीला एका शाळेत सात वर्षांच्या मुलाची शब्दसंग्रहाची उपचाचणी इंग्रजीतून घेऊन त्याची शाब्दिक क्षमता ‘सीमारेषेवर’ असल्याचे लिहून टाकले होते. पर्यवेक्षिका बाईंनी अहवाल वाचला आणि एकच विचारले, ‘याच्या आजीशी हा कोणत्या भाषेत भांडतो?’ त्या मुलाला मी पुन्हा बोलावले, मराठीतून बोलते केले आणि अहवाल नव्याने लिहिला. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी १९३० च्या दशकात केलेले रूपांतर, तसेच नागपूरच्या मालिन यांनी तयार केलेली भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी, ही साधने आजही वापरात दिसतात. त्यांचे सोबतीचे मानदंड, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे ती त्या वयाच्या मुलांची प्रमाणे, जुने झाले आहेत आणि जुन्या मानदंडांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगून दिसतो. कोणते साधन कोणत्या मुलाला लावायचे नाही, हे जो विभाग शिकवतो त्याला मी झुकते माप देईन.

बाललैंगिक अत्याचारांपासून संरक्षण अधिनियम २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणे सर्वांना बंधनकारक आहे. मुलाला ‘हे आपल्या दोघांतच राहील’ असे वचन देण्यापूर्वी समुपदेशकाला ही मर्यादा ठाऊक हवी. अभ्यासक्रमात हा भाग कोण शिकवते आणि किती सत्रे शिकवते, तेही विचारून घ्यावे.

नोकरीतल्या शिक्षकांसाठी

ज्या शिक्षकांना वर्गच सोडायचा नाही, त्यांना दोन वर्षांच्या एम.ए.ची गरज असतेच असे नाही. एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका एका वर्षाची असून तिचे सहा महिने दूरस्थ अभ्यासाचे, तीन महिने प्रत्यक्ष वर्गांचे आणि तीन महिने आपल्या गावी करायच्या इंटर्नशिपचे असतात. महाराष्ट्रासाठी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था जवळची. तीन महिने भोपाळला राहण्यासाठी रजा मिळेल का, हे मुख्याध्यापकांशी आधी बोलून घ्यावे. बऱ्याच जणांचा बेत तिथेच अडतो.

अमेरिकेत काम करायचे असेल तर

ज्यांचा जोडीदार न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये नोकरीला आहे, अशा वाचकांची संख्या ठाण्यात आणि नेरुळ-बेलापुरात कमी नाही, म्हणून हा भाग जरा सविस्तर. तिथल्या सरकारी शाळांवर अपंग मुलांचे मूल्यमापन करून त्यांना योग्य शिक्षण देण्याची जबाबदारी १९७५ च्या केंद्रीय कायद्याने टाकली. ते काम कोण करू शकतो हे प्रत्येक राज्य ठरवते. परवाना राज्याचा असतो आणि त्याचे नावही राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात तो शिक्षक-पात्रता आयोगाकडून मिळतो, तर टेक्सासमध्ये वर्तन-आरोग्य व्यवसायांच्या परिषदेकडून. म्हणून आधी राज्य ठरवावे आणि मग त्या राज्याच्या अटी पुऱ्या करणारे विद्यापीठ शोधावे. उलट क्रमाने गेल्यास पदवी एका राज्यात आणि संसार दुसऱ्या राज्यात, अशी गत होते.

बहुतेक राज्यांत प्रवेशाची पात्रता ‘स्पेशालिस्ट’ दर्जाची असते, आणि ती एम.ए.च्या वरची पायरी आहे. नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल सायकॉलॉजिस्ट्स या संघटनेच्या निकषांनुसार त्यासाठी किमान ६० सेमिस्टर-तासांचा, साधारणतः तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि १२०० तासांची इंटर्नशिप लागते. त्यांपैकी किमान ६०० तास शाळेत व्हावे लागतात. ३० ते ३६ तासांचे नुसते मास्टर्स घेऊन शालेय मानसशास्त्रज्ञ होता येत नाही, हे मैत्रिणीच्या सल्ल्यावर अर्ज करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. हीच संघटना एनसीएसपी हे राष्ट्रीय प्रमाणपत्र देते. त्यासाठी प्रॅक्सिस या अमेरिकी परीक्षामालेतली ५४०३ क्रमांकाची परीक्षा किमान १५५ गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते. संघटनेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमातून गेल्यास प्रमाणपत्र सरळ मिळते, अन्यथा प्रत्येक निकषाचा पुरावा स्वतः जोडत बसावे लागते. पीएच.डी. किंवा साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) करायला पाच ते सात वर्षे जातात. संशोधन, विद्यापीठात शिकवणे किंवा शाळेबाहेर स्वतंत्र व्यवसाय करणे हा हेतू नसेल, तर शाळेतल्या नोकरीसाठी डॉक्टरेटचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे.

आपल्याकडची तीन वर्षांची बी.ए. काही अमेरिकी विद्यापीठे चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची मानत नाहीत. बी.ए.नंतर इथेच एम.ए. करून जाणाऱ्यांना ही अडचण कमी येते, आणि तिथल्या अभ्यासाला इथल्या मुलांचा अनुभवही मिळतो. मात्र इथली भारतीय नोंदणी तिथे परवाना म्हणून चालत नाही.

इंग्लंडची पद्धत आणखी निराळी आहे. तिथे ‘एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट’ हे संरक्षित पदनाम असून त्यासाठी तीन वर्षांची डॉक्टरेट आणि आरोग्य व सेवा व्यवसाय परिषदेची नोंदणी लागते.

प्रवेशाआधीचा महिना आणि नंतरचे कागद

अर्ज करण्यापूर्वी महिनाभर तरी अशा कामाच्या जवळ जाऊन बसावे. वाशीला नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांग मुलांसाठीचे ईटीसी केंद्र आहे, खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. तिथे स्वयंसेवक म्हणून किंवा निरीक्षणासाठी जाता येईल का, अशी नम्र विचारणा लेखी करावी. परवानगी मिळाल्यास पहिला आठवडा काहीही न बोलता बघावे. काही जणांना याच महिन्यात कळते की आपल्याला मुले आवडतात, पण पालकांशी तासन्‌तास बोलणे आवडत नाही. शाळेतल्या कामाचा निम्मा वेळ पालकांबरोबर आणि शिक्षकांबरोबर जातो.

प्रवेश मिळाल्यावर पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. तीत सरावाची तारीख, तास, मुलाचे वय, त्याची बोलीभाषा, वापरलेले साधन आणि पर्यवेक्षकांचे शेरे असावेत, मुलाचे नाव मात्र असू नये. प्रत्येक सत्राच्या पाठ्यक्रमाची विद्यापीठाच्या शिक्क्याची प्रत घेऊन ठेवावी, कारण परदेशी विद्यापीठे आणि परवाना देणारी कार्यालये विषयाच्या नावावर समाधान मानत नाहीत, त्यांना आत काय शिकवले ते हवे असते. सरावाच्या तासांवर पर्यवेक्षकांची सही त्या त्या सत्राच्या अखेरीसच घ्यावी. पाच वर्षांनी ती मागायला गेल्यावर पर्यवेक्षक निवृत्त झालेले असतात, आणि कार्यालयातली जुनी हजेरी-पत्रके तोवर रद्दीत गेलेली असतात.